शेवटचा माणूस येईपर्यंत

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात तीस वर्षं नोकरी केली. मोठमोठ्या साहेबांसमोर फाइल घेऊन उभी राहिले, कधी आवाज थरथरला नाही. पण घरचं कुणी रस्त्यावर असलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. नवरा त्याला काळजी म्हणतो आणि मुलगी 'ड्रामा' म्हणते. खरं तर ती साधी, निखळ भीती असते, आणि ती बाहेर पडताना रागाचे कपडे घालून पडते. मला भीती वाटली की मी ओरडते. माझं ओरडणं ज्यांनी ज्यांनी ऐकलंय, त्यांच्यासाठी मी कधी ना कधी खूप घाबरलेली होते.

आमच्या घराण्याचा मेळा दरवर्षी जानेवारीतल्या पहिल्या रविवारी असतो. 'घराणं' हा शब्द फारच भारदस्त झाला. आमच्याकडे ना वाडा, ना शेत, ना कुणाची तलवार. वर्ध्याकडच्या एका खेड्यातून माझे बाबा कारकून म्हणून दिल्लीला आले. त्यांच्या मागोमाग काका आला, तो नागपूरच्या गिरणीत रंगकाम शिकलेला, म्हणून पानिपतला चादरी-सतरंज्यांच्या कारखान्यात लागला. आत्या लग्न होऊन गाझियाबादला आली. गावात मागे कुणी उरलं नाही, तेव्हा या तिघांची आई, जिला आम्ही नातवंडंसुद्धा मायच म्हणायचो, ती बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आली. गाव म्हणजे काय होतं, तर माय. ती जिथे बसेल तिथे आम्ही वर्षातून एकदा जमायचो. जानेवारी का, तर दिल्लीच्या शाळांना थंडीची सुट्टी असते म्हणून. त्या दिवसांत हायवेवर हात पुढे केला तर स्वतःचा हात दिसत नाही, हा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. तेव्हा आमच्यात कुणाकडे गाडीच नव्हती.

या मेळ्याचा नियम एकच. शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी जेवायचं नाही.

हा नियम मायने केला, आणि का केला ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पहिल्याच वर्षी आत्याचे यजमान गाझियाबादहून बस बदलत बदलत तीन वाजता पोचले. तोवर सगळ्यांची जेवणं उरकली होती. कुणीतरी त्यांना पातेल्याच्या तळाशी राहिलेलं वाढून दिलं आणि ते बिचारे भिंतीकडे तोंड करून मुकाट्याने जेवू लागले. मायने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. लहानपणी ती गावातल्या मोठ्या लोकांच्या लग्नात मांडवाच्या बाहेर, उन्हात, भांडं घेऊन बसलेली होती. आतल्या सगळ्यांच्या पंगती उठल्या की मग उरलंसुरलं आमच्या लोकांच्या भांड्यात वरून टाकायचे. हे तिने आम्हाला एरवी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जावयाच्या हातातलं ताट काढून घेऊन तिने सांगितलं. मग नव्याने चूल पेटवली, पुन्हा सैपाक केला, आणि भरल्या पोटाने त्यांच्याबरोबर बसून पुन्हा जेवली.

"आपल्या घरात आजपासून मागून कुणी जेवणार नाही," ती म्हणाली होती.

माझं सगळं लहानपण त्या एका रविवारी उपाशी गेलं. कधी पानिपतहून काकाची रेल्वे लेट असायची, कधी आत्याच्या यजमानांची बस. आम्ही पोरं सैपाकघराच्या दारात घुटमळायचो, कोथिंबिरीच्या काड्या चघळायचो. काकाचं म्हणणं असायचं की चव बघणं म्हणजे जेवणं नव्हे, आणि तो रश्श्याची चव सात-सात वेळा बघायचा. "आता मीठ नाही चाखून राहिला तू, जेवून राहिला," असं आत्या त्याला म्हणायची. पण ताटावर कुणी बसायचं नाही. शेवटचं पाऊल उंबऱ्यात पडलं की सतरंज्या अंथरल्या जायच्या, आणि मग जो काही घास घशाखाली उतरायचा, तशी चव मला नंतर कुठल्याही हॉटेलात मिळाली नाही. मला तो नियम फार आवडायचा. हे सांगायला हवं, कारण पुढे मी त्या नियमाचा राग राग करणार आहे.

माय गेली. बाबा गेले. नियम माझ्या आईकडे आला. सासूकडून दागिने सुनेकडे येतात, आमच्याकडे हे आलं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिनची सुई लागते, गुडघे गेलेत. पण नियमाच्या बाबतीत ती मायपेक्षा कडक.

मला सांगायचंय त्या वर्षी मेळा काकाकडे पानिपतला होता. आई, मी आणि नवरा शनिवारीच मयूर विहारहून गेलो होतो. आत्याही शनिवारीच गाझियाबादहून आली होती, बरोबर जवारीचं पीठ घेऊन, कारण पानिपतच्या पिठाच्या भाकरीवर तिचा विश्वास नाही. काकाच्या घरचे, सुना, नातवंडं मिळून आम्ही सतरा माणसं. अठरावी माझी मुलगी. सव्वीस वर्षांची. गुरगावला नोकरी, तिथेच मैत्रिणींबरोबर फ्लॅट. शनिवारी तिला ऑफिस होतं, म्हणून ती रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीने येणार होती. गाडी घेऊन सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत मी किती वेळा 'पोचलीस का' असा मेसेज केला असेल, ते तिच्या फोनलाच माहीत.

रविवारी सकाळी उठले आणि खिडकीचा पडदा सारला, तर बाहेर काहीच नव्हतं. गल्ली नव्हती, समोरचं घर नव्हतं, विजेचा खांब नव्हता. सगळं पांढरं. मी लगेच फोन लावला.

"येऊ नकोस आज," मी म्हणाले.

"आई, यार, मेळा आहे. मी नाही आले तर तुम्ही जेवणार कसे?" ती हसून म्हणाली. "थोडं क्लिअर झालं की निघते. रिलॅक्स."

तेव्हा मी हट्ट धरायला हवा होता. पण तिच्या त्या बोलण्याने मला, खरं सांगते, बरं वाटलं. दिल्लीत वाढलेली मुलगी. 'उंबरा' म्हणजे काय विचारते, 'सतरंजी'ला 'दरी' म्हणते, पण हे तिच्या लक्षात आहे, याचा मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची मला आता भीती वाटते.

ती साडेनऊला निघाली. इकडे सकाळची वंदना झाली. आईने मेणबत्ती लावली, सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं. आई ते फक्त म्हणत नाही, ती ते घेते. पाचही शीलं, एकेक शब्द सावकाश उच्चारून. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आईला मी आयुष्यात खोटं बोलताना ऐकलेलं नाही. बाबांच्या साहेबांचा घरी फोन आला आणि बाबा आत झोपलेले असले, तर ती सरळ सांगायची, "आहेत, पण झोपलेत." बाबा डोक्याला हात लावायचे.

बारा वाजून दहा मिनिटांनी मुलीचा फोन आला. "मुरथल क्रॉस केलं. पाऊण तास, मॅक्स." मी घड्याळ पाहिलं, साडेबाराला आईला सांगितलं, आणि आईने सुई घेतली. अर्ध्या तासाने जेवायचं असतं. तो हिशेब माझा होता. सुईची वेळ मी सांगितली होती. इथेच मी चुकले.

कारण बारानंतर एरवी विरतं ते धुकं त्या दिवशी विरलं नाही. उलट दाट झालं. अंगणातला कपडे वाळत घालायचा बांबू दिसेनासा झाला, मग अंगणच दिसेनासं झालं. एक वाजला. सतरंज्या अंथरलेल्या होत्या, त्यावर स्टीलची ताटं मांडून ठेवलेली होती, अठरा. पाटवडीचा रस्सा, मटण, भाकऱ्या, भात, सगळं तयार होतं. आईच्या कपाळावर मला घाम दिसला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आईच्या कपाळावर घाम.

"आई, तू जेवून घे. दोन घास घे फक्त," मी म्हणाले.

"पोट्टी येऊन राहिली ना. येऊ दे."

"तुझी शुगर पडतेय."

"मग साखर दे. साखर औषध आहे. जेवण नव्हे."

तिने चमचाभर साखर आणि संत्र्याच्या दोन फोडी औषध म्हणून घेतल्या आणि ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एकीकडे आई, दुसरीकडे मुलगी, आणि मध्ये मी. मी फोन लावला. मुलीने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मग मी आवाजी निरोप रेकॉर्ड केला. आजीने सुई घेतलीये, तिला घाम फुटलाय, सतरा माणसं उपाशी बसलीत, कुठे आहेस तू, लवकर ये. तो गेला. दोन खुणा आल्या, निळ्या झाल्या. तिने तो ऐकला होता.

त्यानंतर दहा मिनिटांनी मी पुन्हा फोन लावला, तर तो बंद होता.

फोन बंद असल्याचं सांगणारी ती बाई हिंदीत आणि इंग्रजीत किती शांतपणे बोलते! मी तिला वीस-पंचवीस वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी ती वेगळं काहीतरी सांगेल.

मग काकाचे शेजारी आले. चांगला माणूस, त्यांचा मुलगा सोनिपतहून यायचा होता म्हणून तेही फाटकात उभे होते. ते काकाशी हळू आवाजात बोलत होते, पण मला ऐकू आलं. "समालखे से पहले गाड़ियाँ भिड़ गई हैं जी. दस-बारह बता रहे हैं." काकाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्याने नुसतं पाहिलं, त्यावरून मला कळलं की समालखा तिच्या वाटेवर आहे. ते मला आधीच माहीत होतं. तरी मी मनात रस्ता दुसरीकडून वळवून बघितला. मुरथल, गन्नौर, समालखा, पानिपत. दुसरा रस्ता नव्हता.

मी सैपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिले. नवरा गाडीची किल्ली घेऊन निघाला, तर आईने बसल्या जागेवरून त्याला थांबवलं. "जावई, तुम्ही नका जाऊ. आणखी एक माणूस धुक्यात नको." तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. तिथून ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावत राहिला. आत्याने मटणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. बाकीची माणसं रिकाम्या ताटांच्या दोन्ही बाजूंनी बसलेली होती, आणि प्रत्येक गाडीचा आवाज आला की सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळायच्या. गाडी पुढे निघून जायची.

मी सगळ्यांवर ओरडले. काकावर, नवऱ्यावर, आत्यावर. हा कसला नियम, म्हणाले. माणसं मारायला बसलात का तुम्ही एका जेवणासाठी? कुणाच्या मांडवाबाहेर बसलोय आपण आता? सरकारी नोकऱ्या झाल्या, पेन्शनी झाल्या, पोरांनी गाड्या घेतल्या, आणि अजून आपण मायच्या भांड्याचं ओझं वाहतोय. तिने मांडवाबाहेर बसून खाल्लं म्हणून माझी मुलगी आज धुक्यात गाडी चालवतेय. असं बरंच काही. काका खाली बघत होता. आई माझ्याकडे बघत होती. तिने मला थांबवलं नाही. माझं बोलून संपलं, मी रडू लागले, तेव्हा ती म्हणाली, "फोन दे इकडे."

"बंद आहे तिचा फोन, आई."

"ते बोलून पाठवायचं असते ना? जे तू पाठवलं मघाशी. ते ठेवता येते का तिच्यासाठी? चालू झाला की तिला ऐकू जाईल असं?"

मी हो म्हणाले. कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं. आईने फोन तोंडाजवळ धरला, अगदी ओठांशी. समोर तिचं ताट होतं. धुऊन पुसून ठेवलेलं, कोरडं.

"बेटा," ती म्हणाली, "आजी बोलून राहिली. आमची सगळ्यांची जेवणं झाली. मी बी जेवली. मटण चांगलं झालं होतं. तू सावकाश ये. भूक लागली असंल तर वाटेत खाऊन घे."

आणि तिने बोट उचललं.

सगळे आईकडे बघत राहिले. तिच्या तोंडून 'वाटेत खाऊन घे' हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. आणि 'मी जेवली'? सकाळीच हात जोडून चौथं शील घेतलेल्या बाईने इतक्या सरळ आवाजात खोटं बोलावं! तिने माझा फोन परत दिला. निरोपाखाली एकच खूण होती, करडी. म्हणजे तो गेला होता, पण कुठेच पोचला नव्हता.

दोन ते दोन पस्तीस. या पस्तीस मिनिटांबद्दल मी फार लिहू शकत नाही. मी त्या एका खुणेकडे बघत होते. एवढंच केलं. डोळ्यांची उघडझाप करायलाही भीती वाटत होती. नवस वगैरे आमच्यात नसतात, पण कुणाशी तरी सौदा करावा असं फार वाटत होतं, आणि कुणाशी करायचा ते कळत नव्हतं. तिच्या लहानपणीचं काही आठवलं असतं तर बरं झालं असतं. मला आठवत होता तिच्या गाडीचा नंबर. तोच पुन्हा पुन्हा.

दोन पस्तीसला खूण दुहेरी झाली. मग निळी. मी किंचाळले. मिनिटाभराने फोन वाजला.

"हॅलो आई? सॉरी सॉरी, बॅटरी गेली होती. मॅप चालू होता ना, आणि चार्जरची वायर खराब. ढाब्यावर चार्ज केला. मी ठीक आहे. अगदी बिल्कुल ठीक."

आईने मला हाताने खूण केली. बोल. आणि मग बोट ओठांवर ठेवून सगळ्या खोलीला खूण केली.

"जेवलात ना तुम्ही?" मुलीने विचारलं. "आजी बरी आहे?"

"हो," मी म्हणाले. "जेवलो. केव्हाच."

तेवढ्यात आत्याने दोन रिकामी ताटं उचलून एकमेकांवर आपटली, ताटं घासायला नेतात तसा आवाज केला. काकाने तर कहर केला. फोनजवळ तोंड आणून खणखणीत ढेकर दिली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नसलेल्या माणसाची ती ढेकर! सुना पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग मी परांठा खाऊन निघते," ती म्हणाली. "थोडं क्लिअर होऊ दे. चालेल ना?"

"चालेल. दोन खा," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी आईला म्हणाले, "आता तरी जेव. ती सुखरूप आहे. आता तर तीही जेवतेय."

"अजून आली कुठे ती?" आई म्हणाली.

आणि आम्ही बसून राहिलो. आणखी दीड तास. कारण समालखा अजून मध्ये होतं. आईला दर अर्ध्या तासाने साखर आणि संत्रं देत होते. शुगर तपासत होते. तीननंतर ऊन नाही पण थोडा उजेड आला, अंगण दिसू लागलं, मग फाटक, मग फाटकाशी उभा असलेला नवरा. सव्वाचारला त्याने हात वर केला. गाडीचे दिवे गल्लीत वळले. मी जागची उठले नाही. मला उठता आलं नाही.

ती हसत हसत आत आली, स्वेटरच्या बाह्या ओढत. "सॉरी, सॉरी, मी खूपच..." आणि थांबली. तिने सतरंजी पाहिली. दोन्ही बाजूंना बसलेली माणसं पाहिली. अठरा ताटं पाहिली, कोरडी. झाकलेली पातेली पाहिली. ऑफिसात दिवसभर लोकांचे प्रॉब्लेम सोडवणारी मुलगी, पण हे समजायला तिला वेळ लागला.

"आजी," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस, जेवणं झाली."

"हो. म्हटलं."

"मी दोन परांठे खाल्ले, आजी." ती म्हणाली. "लोणी घालून. लस्सी पण घेतली. आरामात बसून खाल्लं मी. आणि तुम्ही सगळे..."

ती उभ्या उभ्या रडायला लागली. लहान मुलीसारखं, हात बाजूला सोडून. मला वाटलं आई तिची समजूत घालेल. आई तिच्याकडे नीट बघत होती, वरपासून खालपर्यंत, कुठे काही लागलंय का ते बघावं तशी.

"पोट भरलं?" आईने विचारलं.

मुलीने मान डोलावली.

"बस झालं मग. माझी सासू सगळ्यांच्या मागून जेवली. मी सगळ्यांच्या संगं जेवली. तू आज सगळ्यांच्या आधी जेवली." आईने शेजारच्या ताटावर हात ठेवला. "ये, बस इथे. आता आमच्यासंगं अर्धी भाकर खा."

ती बसली. आत्याने वाढायला घेतलं. मटण दोनदा गरम करून जरा आटलं होतं, भाकऱ्या कडक झाल्या होत्या. आईने पहिला घास घेतला तेव्हा साडेचार वाजले होते.

हे इथे संपवलं तर गोष्ट छान होते. पण मला एक कबूल करायचं आहे.

जेवणं झाल्यावर मुलगी आणि मी ओट्याशी भांडी लावत होतो. मी तिला विचारलं, ढाब्यावर कशी काय थांबलीस. ती पातेलं पुसत म्हणाली, "थांबायचं नव्हतंच. तुझा निरोप ऐकला ना, मग मी जोरात निघाले. काही दिसत नव्हतं, म्हणून एका ट्रकच्या मागचा लाल दिवा पकडला आणि त्याच्या मागे मागे. ऐंशीने. मग फोन गेला. पुढे जाममध्ये तासभर अडकले. तुला सांगायचं होतं कुठपर्यंत पोचले, म्हणून वळले ढाब्यावर. फक्त पाच मिनिटं, थोडा चार्ज होऊ दे, मग लगेच निघणार होते. ऑन केला तर आजीचा निरोप. म्हटलं चलो, जेवलेत सगळे. मग बसले."

"माझ्या निरोपात असं काय होतं?" मी म्हणाले. "मी फक्त लवकर ये म्हणाले होते."

तिने फोन काढला, आणि मला ऐकवलं. आजीने सुई घेतलीये, घाम फुटलाय, सतरा माणसं उपाशी बसलीत, कुठे आहेस तू, लवकर ये. इथवर मी वर लिहिलंय. पण निरोप तिथे संपत नाही. त्यापुढे आणखी एक वाक्य आहे, आणि ते मी वर गाळलं. खरं तर त्या दिवशीच, बोलल्याबरोबर, मी ते मनातून पुसून टाकलं होतं. माझा आवाज, थंड, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा सुटा:

"तुझ्यामुळे आजीला काही झालं, तर मी तुला कधी माफ करणार नाही."

माझ्या हातातली ताटं मी ओट्यावर ठेवली. त्या ट्रकमागे ती माझं हे वाक्य घेऊन चालली होती. तिचं काही बरंवाईट झालं असतं, तर माझ्या मुलीने माझं ऐकलेलं शेवटचं वाक्य हे असतं. त्या पस्तीस मिनिटांपेक्षा मला या विचाराची जास्त भीती वाटते, आणि ती अजून गेलेली नाही.

आमचा नियम मोडला नाही. आता मेळ्याच्या दिवशी बारा वाजले की आई फोन मागते, आणि जे कुणी वाटेत असतील त्यांना एकेकाला सांगते, आमची जेवणं झाली, सावकाश या, वाटेत खाऊन घ्या. सगळ्यांना ठाऊक असतं ती खोटं बोलतेय. तरी गाड्या हळू येतात. आम्ही ताटं मांडून बसून राहतो.

त्या संध्याकाळी मी मुलीला म्हणाले, "माझा निरोप पुसून टाक ना."

तिने थोडा विचार केला. "नको," ती म्हणाली. "दोन्ही एकाखाली एक आहेत, राहू दे. लांबच्या रस्त्याला निघाले की मी आजीचा ऐकते."

माझा ती कधी ऐकते, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.